पुंगळीची साक्ष

बोल्ट-ॲक्शन रायफलीचं सगळं काम हाताच्या चार हालचालींत आटोपतं: हँडल वर, बोल्ट मागं, बोल्ट पुढं, हँडल खाली. पहिल्या दोन हालचालींत झाडलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी बाहेर पडायची आणि पुढच्या दोन हालचालींत नवं काडतूस चेंबरमध्ये जायचं. स्वयंचलित शस्त्रात हे काम बारुदाचा वायू किंवा धक्का करतो. इथं ते माणसाचा हात करतो, म्हणून बिघाडाची पहिली खबरही हातालाच लागते. पुंगळी उडालीच नाही, मॅगझिनवर आडवी पडून राहिली किंवा चेंबरमध्येच रुतून बसली, की सहसा एकच वाक्य ऐकू येतं, 'इजेक्टर गेला.' मग इजेक्टर बदलतात, त्याची स्प्रिंग बदलतात, कधी एक्स्ट्रॅक्टरच्या नखावर कानस फिरवतात. मला ही पद्धत मुळातच चुकीची वाटते. पुंगळी जिथं अडते ते लक्षणाचं ठिकाण झालं. कारण बहुतेक वेळा त्याच्या बरंच आधी घडलेलं असतं. कधी काडतुसात, कधी चेंबरच्या भिंतीवर, कधी रायफल साफ करून ठेवणाऱ्या माणसाच्या सवयीत. ते कारण दुसरं कोणी सांगो न सांगो, पुंगळी सांगते. दुरुस्तीची सुरुवात रायफलीपासून न होता पुंगळीपासून व्हायला हवी, एवढंच मला इथं पटवून द्यायचं आहे.

आधी पुंगळीवर काय गुदरतं ते पाहू. काडतुसाचं पितळ साधारण सत्तर टक्के तांबं आणि तीस टक्के जस्त यांचं असतं. थ्री-नॉट-थ्रीसारखं काडतूस झाडलं की क्षणभर चेंबरमध्ये हवेच्या दाबाच्या तीन हजार पटींहून जास्त दाब उसळतो. पातळ भिंतीची पुंगळी त्या दाबानं फुगते, चेंबरच्या पोलादाला चिकटते आणि वायूची मागची वाट बंद करते. गोळी नळीतून बाहेर पडली की दाब ओसरतो आणि पितळ आपल्या लवचिकपणानं थोडं मागं येतं. पुंगळी आणि चेंबर यांच्यात केसाएवढी फट पडते. सगळी सुटका या फटीवर अवलंबून आहे. आता दाब गरजेपेक्षा जास्त झाला तर काय होतं? पोलादी चेंबरही किंचित ताणलं जातं, पण ते पूर्ववत होतं. पितळ मात्र लवचिकपणाच्या मर्यादेपलीकडे ताणलेलं असल्यामुळं पूर्ण मागं येत नाही. परतणारं पोलाद मग पितळाला आवळून धरतं. अशा वेळी हँडल उचलायला जड जातं आणि हाताला जी तक्रार जाणवते ती खरं तर दाबाची सूचना असते. या सूचनेकडे इजेक्टरचा बिघाड म्हणून पाहणं धोक्याचं आहे, कारण पुढचं काडतूसही त्याच पेटीतलं असणार.

पुंगळी बाहेर येण्याचे तीन टप्पे आहेत आणि हाताला ते वेगवेगळे जाणवतात. हँडल वर उचलतानाच बोल्टचा एक भाग रिसीव्हरच्या उतरत्या कडेवर चढतो आणि बोल्टला जेमतेम दोन-तीन मिलिमीटर मागं खेचतो. तरफेची ताकद मोठी, अंतर छोटं. पुंगळी बुडाशी जाड आणि तोंडाकडे निमुळती असते. एकात एक रुतलेले स्टीलचे पेले केसभर हलले की पुढं आपोआप सुटे होतात, तसंच इथं घडतं. हा पहिला टप्पा नीट झाला तर दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे बोल्ट मागं ओढताना, एक्स्ट्रॅक्टरच्या नखाला फारसं बळ लावावंच लागत नाही. ते पुंगळीची कडा धरून तिला मागं आणतं. तिसऱ्या टप्प्यात इजेक्टर दुसऱ्या बाजूनं ठोसा देतो आणि पुंगळी नखाभोवती फिरून बाहेर उडते. म्हणून हात सावकाश ठेवून पाहावं. हँडल उचलणंच जड असेल तर संशय दाबावर, मळावर किंवा बोल्टला अडकवून धरणाऱ्या, कोरड्या पडलेल्या खुंट्यांवर घ्यावा. हँडल सहज उचललं गेलं पण ओढताना जोर लागला, तर पहिला टप्पा पूर्ण लाभत नाही किंवा चेंबर खडबडीत आहे. बोल्ट रिकामाच मागं आला तर नख निसटलं, किंवा पुंगळीची कडाच फाटली. बोल्टबरोबर पुंगळी व्यवस्थित आली आणि शेवटी नुसती गळून पडली, तर आणि तेव्हाच, इजेक्टरचा, नखाच्या ताणाचा किंवा चालवणाऱ्या हाताचा विचार करावा.

हाताचा उल्लेख केला की लोक नाराज होतात. रायफल चांगली असेल तर ती कुणाच्याही हातात सारखीच चालली पाहिजे, असा युक्तिवाद होतो. यात तथ्य आहे, पण ते यंत्रणेच्या जातीवर अवलंबून आहे. १८९८ च्या माउझरमध्ये इजेक्टर म्हणजे रिसीव्हरच्या डाव्या बाजूला बसवलेली एक पोलादी पात आहे. बोल्ट पार मागं आला की ती बोल्टच्या खुंटीतल्या खाचेतून पुढं येते आणि पुंगळीच्या बुडाला लागते. ली-एन्फिल्डमध्ये तर डाव्या भिंतीतला एक छोटा स्क्रूच हे काम करतो. दोन्हींत ठोसा किती जोराचा बसेल हे हात किती वेगानं मागं आला यावर ठरतं. बोल्ट अर्ध्यावरून परत फिरवला तर ठोसा बसतच नाही. याचा फायदाही आहे. सावकाश ओढलं की पुंगळी अलगद तळहातावर घेता येते आणि ती पुन्हा भरणाऱ्या नेमबाजाला हेच हवं असतं. १९६२ च्या रेमिंग्टन ७०० मध्ये बोल्टच्या तोंडावरच स्प्रिंगवर दाबलेली एक खुंटी आहे. ती पुंगळीला सतत बाहेर ढकलत असते, हाताच्या वेगाशी तिचं देणंघेणं नाही. पण ती खुंटी ज्या बारीक भोकात सरकते तिथं पितळाचा चुरा आणि जुनं तेल साचून घट्ट होतं. मग खुंटी आतच बसून राहते. तिथं नवी स्प्रिंग घालून काही साधत नाही. भोक साफ केलं की जुनी स्प्रिंगही काम करते. आणि एक किरकोळ पण नेहमीची गोष्ट: दुर्बीण खूप खाली बसवली तर उडालेली पुंगळी तिच्या बाजूच्या गोल बटणावर आपटून परत आत पडते. अशा वेळी रायफलीत दोष शोधत बसण्यात अर्थ नसतो.

रेमिंग्टनच्या तोंडावरच्या त्या खुंटीनं आणखी एक काम नकळत करून ठेवलं आहे. दाब प्रमाणाबाहेर गेला की पुंगळीच्या बुडाचं पितळ खुंटीच्या त्या भोकात किंचित दाबलं जातं आणि बुडावर एक चकचकीत गोल ठसा उमटतो. बोटाला लागेल न लागेल इतका उंच, पण उजेडात तिरका धरला की स्पष्ट दिसणारा. ज्या भागावर आपण आरोप ठेवत होतो त्यानंच खऱ्या कारणाचा शिक्का मारून दिलेला असतो. बुडाच्या थोडं वर पुंगळीभोवती फिकट चमकदार कडं दिसलं तर पितळ तिथं ताणून पातळ झालेलं आहे आणि पुढच्या वेळी पुंगळी तिथूनच दोन तुकडे होऊ शकते. अंगावर लांबीच्या दिशेनं ओरखडे असतील तर चेंबरच्या भिंतीवर काहीतरी टोचतं आहे. कडेला नखानं ओरबाडल्याची खूण असेल तर नख आपलं काम करत होतं, पुंगळीच सोडत नव्हती. गुन्ह्याच्या जागी सापडलेली पुंगळी कालिन्याच्या न्यायसहायक प्रयोगशाळेत जाते तेव्हा तज्ज्ञ अशाच खुणा सूक्ष्मदर्शकाखाली जुळवून ती कोणत्या शस्त्रातून निघाली ते ठरवतात. कोर्ट जी साक्ष ग्राह्य धरतं, ती दुरुस्तीच्या टेबलावर कुणी विचारातच घेऊ नये, हे मला पटत नाही.

कारणाचा शोध लक्षणाच्या ठिकाणीच घेतला तर काय किंमत मोजावी लागते, याचं सर्वांत मोठं उदाहरण कॅनडाच्या रॉस रायफलीचं आहे. सर चार्ल्स रॉस यांची ही रायफल सरळ ओढायची होती. हँडल फिरवावं लागत नसे. बोल्टचं डोकं आतल्या मळसूत्री खाचांमुळं आपोआप फिरे. नेमबाजीच्या मैदानावर ती फार अचूक होती. एप्रिल १९१५ मध्ये, पहिल्या महायुद्धातल्या ईपरच्या दुसऱ्या लढाईत, जिथं जर्मनांनी क्लोरीन वायू सोडला आणि जिथं आपल्याकडची लाहोर डिव्हिजनही उतरली होती, तिथं कॅनडाच्या सैनिकांच्या हातात ही रायफल अडकू लागली. भराभर गोळ्या झाडल्या की पुंगळी चेंबरमध्ये घट्ट बसे. सैनिक बोल्टवर बुटाच्या टाचा मारत, खंदक खणायच्या हत्याराचा दांडा आपटत. त्या लढाईतून वाचलेल्या सुमारे पाच हजार पायदळ सैनिकांपैकी १,४५२ जणांनी रॉस टाकून देऊन मेलेल्या इंग्रज सैनिकांची ली-एन्फिल्ड उचलली होती. मग वाद पेटला. कॅनडाच्या फौजेचे सेनापती आल्डरसन रायफलीला दोष देत होते. लष्करी खात्याचे मंत्री सॅम ह्यूज तिची बाजू घेऊन इंग्लंडमध्ये बनलेल्या काडतुसांकडे बोट दाखवत होते. जून १९१५ मध्ये पहिल्या कॅनेडियन डिव्हिजनला ली-एन्फिल्ड मिळाली, १९१६ मध्ये बाकीच्यांना, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ह्यूज यांना मंत्रिपद सोडावं लागलं.

या वादात दोन्ही बाजू अर्धवट खऱ्या होत्या, आणि नेमकं तेच मला महत्त्वाचं वाटतं. रॉसचं चेंबर तंग होतं. युद्धाच्या घाईत बनलेली काडतुसं आकाराला एकसारखी नव्हती. ली-एन्फिल्डचं चेंबर सैल असल्यामुळं तिला ती चालत. दोन मापं भेटली तिथं दोष जन्मला. तो एकट्या रायफलीत किंवा एकट्या काडतुसात शोधून सापडणारा नव्हता. शिवाय सरळ ओढण्याच्या रचनेत हँडल उचलताना मिळणारी ती तरफेची ताकद फारशी मिळत नाही, म्हणजे सोडवणुकीचा पहिला टप्पाच अशक्त. आणि बोल्ट जोरात मागं ओढला की त्याची एक खुंटी मागच्या अडसरावर आपटून तिची कड चेपली जाई. मग पुढच्या वेळी बोल्ट बंद व्हायला आणि उघडायला आणखी जड. पुंगळी अडकली म्हणून सैनिकानं जोर लावायचा आणि त्या जोरानं रायफल आणखी बिघडायची, असं हे चक्र होतं. पुढं चेंबर कोरून मोठी करण्यात आली, पण तोवर सैनिकांचा विश्वास उडाला होता. स्नायपरांनी मात्र रॉस सोडली नाही. निवडक काडतुसं, सावकाश नेम, कोरडा खंदक, अशा परिस्थितीत तीच रायफल उत्तम होती. म्हणजे दोष एखाद्या सुट्या भागाचा नसून शस्त्र, काडतूस आणि वापर यांच्या संबंधातला होता. ली-एन्फिल्डचं सैल चेंबरही फुकट मिळालेलं नाही. तिच्यातून निघालेली पुंगळी जास्त ताणली जाते आणि पुन्हा भरली तर लवकर फाटते. एकीकडे खात्री वाढवली की दुसरीकडे काहीतरी द्यावं लागतंच.

हीच ली-एन्फिल्ड भारतात 'थ्री-नॉट-थ्री' म्हणून पिढ्यान् पिढ्या वापरली गेली. आपल्या खडकीच्या कारखान्यात तिची काडतुसं बनत, त्यांच्या बुडावर 'केएफ' ही अक्षरं असत. जुन्या काडतुसांच्या टोपीत, म्हणजे प्रायमरमध्ये, पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळलं की पोटॅशियम क्लोराइड उरतं, म्हणजे मिठाच्याच कुळातला क्षार, आणि तो हवेतलं पाणी ओढून घेतो. मुंबईच्या किंवा रत्नागिरीच्या पावसाळ्यात असा क्षार नळीत आणि चेंबरच्या तोंडाशी राहिला तर गंज धरायला वेळ लागत नाही. साफ केलं होतं असं सांगणारा खोटं बोलत नसतो. त्यानं पुल-थ्रूच्या दोरीला चिंदी लावून तेल फिरवलेलं असतं. पण मीठ तेलात विरघळत नाही. म्हणूनच जुन्या फौजी शिस्तीत नळीत आधी उकळतं पाणी ओतायचे, मग पुसून, कोरडी करून तेल द्यायचे. हे न केल्याचा परिणाम पुढच्या वर्षी दिसतो. चेंबरच्या भिंतीला बारीक खड्डे पडतात, दाबानं पितळ त्या खड्ड्यांत शिरतं आणि पुंगळी जागोजाग पकडली जाते. अशा रायफलीत नवं नख बसवलं तर ते जोरात ओढेल आणि कडा फाडेल. तिला हवं आहे चेंबरचं काम, आणि खड्डे खोल असतील तर नवी नळी.

यावर एक झटपट उपाय सांगितला जातो. चेंबरमध्ये थोडं तेल सोडा, पुंगळी लगेच सुटते. सुटते, हे खरं. पण झाडताना पुंगळीनं चेंबरची भिंत घट्ट धरायची असते, मागच्या धक्क्यातला काही भाग त्या पकडीनं सोसायचा असतो. तेलानं ती पकड गेली की सगळा भार बोल्टच्या खुंट्यांवर येतो. चेंबर कोरडं ठेवण्याचा जुना नियम एवढ्यासाठीच आहे.

आजच्या महाराष्ट्रात बोल्ट-ॲक्शन रायफल सर्वाधिक दिसते ती पॉइंट टू-टूच्या रूपात. एनसीसीच्या पोरापोरींच्या हातात ती डिलक्स रायफल म्हणून येते. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतनं २०१० मध्ये म्युनिकला जागतिक विजेतेपद मिळवलं आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकलं, ते पन्नास मीटरच्या याच जातीच्या काडतुसावर. याची टोपी मध्यभागी नसते. स्फोटक मिश्रण पुंगळीच्या कडेत भरलेलं असतं आणि फायरिंग पिन कडेवरच आपटते. इथं एक फार बारीक बिघाड होतो. काडतूस न घालता ट्रिगर दाबण्याचा सराव सगळेच करतात. नव्या स्पर्धेच्या रायफलींत पिन चेंबरपर्यंत पोहोचणार नाही अशी सोय असते. जुन्या, अनेक हातांतून गेलेल्या रायफलीत ती नसली तर कडेच्या जागी पिन थेट चेंबरच्या ओठावर आपटत राहते. पोलाद तिथं चेपतं आणि कणभर आत ढकललं जातं. दिसायला काहीच दिसत नाही. काडतूस आत जाताना जरा अडतं, पुंगळी निघताना जरा घासते, नख थकतं आणि शेवटी एक दिवस निसटतं. दोष पुन्हा नखावर.

आता पुंगळी हातात घेऊन पाहा. कडेवर पिनेचा ठसा असतो. त्या ठशाच्या रेषेत, कडेपासून सुरू होऊन तोंडाकडे जाणारा एक सरळ ओरखडा असेल, आणि तसाच ओरखडा त्या रायफलीतून निघालेल्या प्रत्येक पुंगळीवर त्याच ठिकाणी असेल, तर चेंबरचा ओठ त्याच जागी चेपलेला आहे. दुसरी तपासणी जवळपास नकोच. मेण चढवलेल्या गोळ्यांचा मळ साचला असता तर ओरखडा एकाच रेषेत आला नसता. चेंबरच्या पुढच्या भागात मळाचं कडं बसून पुंगळी आवळली असती. चेपलेल्या ओठावर कानस चालवणं मात्र मोठी चूक. कानशीनं धातू जातो आणि तिथं पुंगळीला मागं आधार उरत नाही. निमुळतं, गुळगुळीत हत्यार आत घालून तो कण दाबून परत आपल्या जागी बसवतात, धातू न काढता.

इतका खटाटोप कशासाठी, असा शेवटचा आणि सर्वांत व्यवहारी आक्षेप येतो. स्प्रिंग स्वस्त आहे, ती बदला. चाललं तर चाललं, नाही चाललं तर पुढं बघू. बहुतेक यंत्रांच्या बाबतीत मीही याला होकार दिला असता. इथं देत नाही, कारण जोरदार स्प्रिंग आणि कडक नख लक्षण दडपतं. ते पुंगळी ओढून काढतं आणि हाताला येणारी सूचना बंद करतं, मग चेंबरचा खड्डा खोल होत जातो किंवा चढ्या दाबाची काडतुसं निर्धास्तपणे झाडली जातात. शिवाय आपल्याकडे शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय शस्त्राची दुरुस्ती करता येत नाही. म्हणजे रायफल वापरणाऱ्याच्या हातात दुरुस्तीचं हत्यार नाही. त्याच्या हातात आहे ते निरीक्षण, आणि शस्त्र दुरुस्त करणाऱ्या आर्मररला जितकी नेमकी माहिती मिळेल तितकी दुरुस्ती नेमकी होईल. 'अडकते' एवढं सांगून रायफल पाठवणं म्हणजे त्याला अंदाज बांधायला लावणं.

मैदानावर रिकाम्या पुंगळ्यांचा हिशेब चोख ठेवला जातो. जितकी काडतुसं दिली तितक्या पुंगळ्या परत घेतल्या जातात आणि सगळ्या एकाच पोत्यात जातात. संख्या जुळते, पण कोणती पुंगळी कोणत्या रायफलीची हे कायमचं हरवतं. तक्रार आलेल्या रायफलीच्या शेवटच्या पाच पुंगळ्या त्याच क्रमानं एका पाकिटात ठेवाव्यात. पाकिटावर रायफलीचा नंबर, काडतुसांचा लॉट नंबर, आणि हँडल उचलताना जड गेलं की ओढताना, पुंगळी बोल्टबरोबर आली की आतच राहिली, एवढं दोन ओळींत लिहावं. हिशेबाच्या वहीत त्या पाच पुंगळ्यांची नोंद करून ते पाकीट रायफलीबरोबरच आर्मररकडे जाऊ द्यावं, आणि त्यानं बोल्ट उघडण्याआधी ते उघडावं.